मुलाणी मॅडमचा तास

“माझ्या तासावर काट कुणी मारली?”

मुलाणी मॅडमनी हे दारातूनच विचारलं. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीचा चहा चालू होता, तो जागच्या जागी थबकला. भिंतीवरच्या वेळापत्रकात दहावी ‘अ’च्या रकान्यात ‘खेळ’ या शब्दावर लाल शाईची रेघ होती आणि वर बारीक अक्षरात ‘गणित, जादा’ असं लिहिलं होतं. ते अक्षर मुख्याध्यापकांचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच सगळे आपापल्या कपात बघू लागले. भूगोलाच्या सरांचं बिस्कीट चहात तुटून पडलं, तरी त्यांनी मान वर केली नाही.

ताहेरा मुलाणी या वडूजच्या आमच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका. नोकरी सगळी इथंच झाली, निवृत्तीला आता वर्ष राहिलेलं. खोलीत त्यांच्या वाट्याची एक खुर्ची होती, पण तिच्यावर बाकीचे लोक पिशव्या आणि हेल्मेटं ठेवत, कारण मॅडमना तिच्यावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, परीक्षेच्या वर्गावर तर त्या इतक्या फेऱ्या मारायच्या की मुलं म्हणायची, मॅडम, आम्हालाच गरगरतंय. घरीही तेच. त्यांचे यजमान शमशेरभाई ट्रॅक्स गाडी चालवतात; ते म्हणायचे, “अगे, बैठ की जरा. तेरेकू देख के मेरेकू चक्कर आती.”

शाळेत खेळाच्या शिक्षकाचं काय होतं ते सांगायला नको. प्रार्थनेच्या रांगा त्यानं लावायच्या, गॅदरिंगचा मांडव त्यानं बघायचा, पाहुणे आले की लेझीम त्यानं उभं करायचं आणि कुणी रजेवर गेलं की त्याचा वर्गही त्यानंच सांभाळायचा. खेळाचा तास म्हणजे गावचं गायरान. ज्याला लागेल त्यानं कुंपण घालावं, विचारायला कुणी येत नाही. मॅडम मात्र विचारायला जायच्या.

मुख्याध्यापक फडतरे सर वह्या तपासत होते.

“बसा ना मॅडम.”

“उभीच बरी हाय. सर, तास घेताना मला इचारलं न्हाई तुमी.”

“विचारलं असतं तर दिला असता का?” फडतऱ्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. गणित तर असं शिकवायचा की ढ पोरंही फळ्याकडे बघत राहत. पण संस्थेच्या बैठकीत दरवर्षी निकालावरून चार लोकांत ऐकून घ्यावं लागायचं, आणि त्या भीतीनं बिचारा उन्हाळ्यापासूनच पोखरलेला असायचा. “मॅडम, दहावीचं वर्ष आहे. पोरं नापास झाली तर आईबाप मला धरतात, तुम्हाला नाही.”

“आन् पोरी वर्गात बसून-बसून सुकल्या तर कुणाला धरत्यात? परवा जिना चढून आल्या तर धापा टाकत हुत्या. पंधरा वर्षांच्या पोरी!”

“नुसतं पळून काय होतं हो? जिंकून आल्या असत्या तर गोष्ट वेगळी. दरवर्षी जाता आणि फलटणकडून हरून येता.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं. खो-खोत फलटणच्या पोरींपुढं जिल्ह्यात कुणाची डाळ शिजत नव्हती. मॅडमची जीभ आधीच पायांसारखी, एका जागी न राहणारी.

“मग औंदा जिंकून दावते. साताऱ्यात कप न्हाई आणला, तर तास तुमचा. मी परत त्यावर तोंड उघडणार न्हाई.”

“ठरलं,” फडतरे म्हणाले. “तोवर तास तुमचा.”

बाहेर आल्यावर मॅडमना आपण काय करून बसलो ते कळलं. संघ बरा होता, पण तो उभा होता एका पोरीच्या जिवावर. वल्लरी. वर्गात पहिली आणि मैदानातही पहिली. खांबापाशी पळणारीला असा सूर मारून धरायची की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. आणि नेमकी तीच आठवडाभर मैदानावर आली नव्हती.

संध्याकाळी मॅडम तिच्या घरी गेल्या. दार तिच्या आईनं, अश्लेषानं उघडलं. ती पंचायत समितीत क्लार्क होती, नुकतीच कचेरीतून आलेली. तिच्या लग्नाआधी, आमच्याच शाळेत बारावीपर्यंत असताना, तीही मॅडमच्याच संघात खेळलेली, पार राज्यापर्यंत गेलेली. साडी नेसली तरी तिच्या उजव्या गुडघ्यावर खांबाच्या सुराचा जुना व्रण होता आणि मॅडमना तो कुठं आहे ते डोळे मिटून सांगता आलं असतं.

“चहा टाकते. बसा मॅडम.”

“टाक. बसत न्हाई. वल्लरी कुठाय?”

“आत. अभ्यासाला.” अश्लेषानं आतलं दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. “ती येणार न्हाई. मीच नको म्हणलं.”

“का गं?”

“का म्हणून काय इचारता? मी बारावीला तुमच्या नादानं खेळत बसले. मार्क गेले, डीएड गेलं. माझ्या मैत्रिणी मास्तरणी झाल्या, मी दोन वर्सं घरात बसले. खेळून मला काय मिळालं, सांगा बरं?”

मॅडम स्वयंपाकघरातच येरझाऱ्या घालायला लागल्या. ओट्यापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून ओट्यापर्यंत. त्यांना वाईट वाटलं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

“त्या दोन वर्सांनी भरतीच्या परीक्षेला बसलीस की. तीनदा नापास झालीस, चवथ्यांदा लागलीस नोकरीला. दुसरी एखादी पहिल्या बारीलाच आडवी झाली असती.”

अश्लेषानं गॅस बारीक केला. “ते सोडा. खरं सांगू का? मला भ्या वाटतं.”

“कशाचं?”

“हिला हरणं सोसत न्हाई वो. घटक चाचणीत दुसरी आली, एका मार्कानं. घरी येऊन पेपर फाडला. दोन दिवस जेवली न्हाई. दार लावून बसली. मी दाराबाहेर रात्रभर बसून हुते, मॅडम. आत आवाज आला तरी जीव उडायचा, न्हाई आला तरी उडायचा. आता साताऱ्याला जाणार, फलटणकडनं हरणार, ते ठरलेलंच हाय. मग काय करू मी?”

मॅडम थांबल्या. खरंच एका जागी थांबल्या.

“अश्लेषा, वर्गात तिला कोण हरवणार गं? बालवाडीपासनं पैलीच हाय ती. हरायची सवयच न्हाई तिला, मग एका मार्कानं पोर कोसळणार न्हाई तर काय? मैदानात रोज पडतीया, रोज बाद हुतीया, माती झटकून परत बसतीया. तेवढं एकच ठिकाण हाय तिला, आन् तू तेच बंद करतीस.”

“आन् खरंच हरली तर?”

“तर मी हाय.”

चहा उतू गेला. अश्लेषानं फडकं घेऊन ओटा पुसला, पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

“तुमच्या भरवशावर देते,” ती म्हणाली. “तिला काय झालं तर मी दुसऱ्या कुणाला इचारणार न्हाई. तुमालाच इचारणार.”

त्या दिवसापासून मॅडमची झोप उडाली. आता कप राहिला बाजूला, हरल्यावर या पोरीचं काय होईल हाच घोर लागला. सरावात त्या ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या. खो-खोत आठ जणी ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि नववी पळते. मागून पाठीवर थाप पडून ‘खो’ कानावर आल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही. “पळायला काय, कुत्रंबी पळतंय,” मॅडम म्हणायच्या. “बसायला शिका. पळणारी डोळ्यापुढनं गेली तरी खो मिळाल्याबिगर बूड हलवायचं न्हाई.” बसायचं कसं ते जन्मात न बसलेल्या बाईनं शिकवावं, याचं पोरींना फार हसू यायचं.

शमशेरभाईंच्या ट्रॅक्समधून पोरी साताऱ्याला गेल्या. पुसेगाव येईपर्यंत गाणी, कोरेगावच्या पुढं सगळ्या गप्प. वल्लरी खिडकीशी बसून नखं खात होती. स्टेडियमवर दुपारपर्यंत दोन सामने जिंकले आणि तिसऱ्याला, म्हणजे अंतिम सामन्याला, समोर फलटण.

सामना असा झाला की शेजारच्या मैदानावरचे कबड्डीवालेही येऊन उभे राहिले. शेवटचा डाव वडूजचा, पाठलागाचा. फलटणचा एक गुण वर, आणि मैदानात त्यांची शेवटची पोर, अर्शिया. शिडशिडीत, पायात जणू स्प्रिंग. ती बाद झाली की बरोबरी आणि जादा डाव. मिनिट उरलं होतं. मॅडम रेषेच्या बाहेर इकडून तिकडे पळत होत्या, पंचांनी दोनदा मागं सारलं त्यांना.

अर्शियानं खांबाला वळसा घातला आणि ती ओळीलगत पळत आली. ओळीच्या पलीकडून वडूजची हर्षदा धावत होती. मधे वल्लरी बसली होती, आणि अर्शिया तिच्या नाकासमोरून निघाली. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. हर्षदाचा हात वल्लरीच्या पाठीपर्यंत यायला अजून एक पाऊल होतं.

वल्लरी उठली. अर्शियाच्या खांद्यावर तिचा हात पडला. वडूजच्या पोरी किंचाळल्या, शमशेरभाईंनी टोपी उडवली.

पंचांची शिट्टी वाजली. फाऊल. खो मिळाला नव्हता.

पुढं उरलेल्या क्षणांत काही होण्यासारखं नव्हतं. वेळ संपली. फलटणच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. वल्लरी आपल्या चौकोनात परत जाऊन बसली होती, पंच म्हणाले तरी उठेना. मग हर्षदानं तिला हाताला धरून उठवलं आणि उठवता उठवता म्हणाली, “कशाला उठलीस गं? आलेच हुते की मी.”

मॅडमनी पोरींना गोळा केलं, केळी वाटली, कुणाच्या कोपराला हळद लावली. वल्लरी पाणी पिऊन येते म्हणाली. बक्षीस समारंभाला नावं पुकारली, उपविजेत्यांची ढाल हर्षदानं घेतली, फोटो काढायला सगळ्या उभ्या राहिल्या, आणि तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं की वल्लरी नाही.

नळावर नाही. कपडे बदलायच्या खोलीत नाही. गॅलरीखाली अंधार होता, तिथं वाकून बघितलं, नुसत्या मोडक्या खुर्च्या. हाका मारल्या, माइकवरून नाव पुकारायला लावलं. त्या फाटकाबाहेर पळाल्या. रस्त्यावर गाड्यांचा लोंढा. रसवंतीवाल्याला विचारलं, निळ्या पॅन्टीतली पोरगी, दोन वेण्या वर बांधलेली? तो म्हणाला, बाई, आज सगळ्याच निळ्या पॅन्टीतल्या. शमशेरभाई स्टँडकडे धावले. मॅडमचा डावा गुडघा ठणकत होता, डॉक्टरांनी पळू नका म्हणून बजावलं होतं, पण आता पायांना कोण सांगणार? फाडलेला पेपर, लावलेलं दार, दाराबाहेर बसलेली अश्लेषा, सगळं एकदम डोळ्यापुढं येत होतं. तर मी हाय, असं म्हणून बसलो आपण. काय म्हणून म्हणालो? या अल्ला, कप नको, तास नको, पोर तेवढी दे.

फोन वाजला. अश्लेषा. मॅडमनी तो वाजू दिला. तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

फोन हातात वाजत असतानाच त्या इमारतीच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथं सरावाचं एक रिकामं मैदान होतं, गवत माजलेलं, एकच खांब उभा. आणि खांबाभोवती दोन पोरी पळत होत्या.

एक वल्लरी. दुसरी फलटणची ती अर्शिया.

“आता बघ,” अर्शिया सांगत होती, “मी मान हिकडं वळवते, पाय तिकडं टाकते. तू मानंकडं बघतीस, म्हणून फसतीस. पायाकडं बघ माझ्या.”

“परत दाव,” वल्लरी म्हणाली. “सावकाश.”

मॅडम कोपऱ्यावरच उभ्या राहिल्या. ओरडायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. वल्लरीनं त्यांना बघितलं. डोळे सुजून लाल झाले होते, गालांवर मातीचे ओघळ वाळले होते.

“मॅडम! सामन्यात हिनं मला खांबापाशी कसं फसवलं, ते कळत नव्हतं. मग इचारलं हिलाच.”

“तू रडलीस का गं?”

“लय रडले. गॅलरीच्या मागं बसून.” तिनं बाहीला नाक पुसलं. “ही पाणी द्यायला आली. मग म्हणलं, चल, दाव.”

मॅडमना एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि उराशी धरावंसं वाटलं. दोन्ही करता येईना, म्हणून त्यांनी वाजणारा फोन तिच्या हातात दिला.

“आई? हरलो,” वल्लरी म्हणाली. “एका गुणानं. माझ्यामुळंच. खो मिळायच्या आधी उठले, फाऊल झाला.” मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. “हां. रडले की. झालं आता रडून. आई, ऐक ना, लय भूक लागलीय. आमी वाटेत जेवूनच येतो. तू थांबू नको माझ्यासाठी. व्हय, देते.”

मॅडमनी फोन कानाला लावला.

“मॅडम,” अश्लेषाचा आवाज बारीक झाला होता. “भूक लागली म्हणली ती?”

“व्हय.”

“खरंच?”

“व्हय गं. तुझ्या कानानं ऐकलंस की.”

कोरेगावच्या हॉटेलात वल्लरीनं दोन मिसळी खाल्ल्या आणि हर्षदाच्या ताटलीतला पावही उचलला.

सोमवारी मॅडम फडतऱ्यांच्या खोलीत गेल्या.

“हरलो सर. तास घ्या.”

फडतऱ्यांना अवघडल्यासारखं झालं. “अहो मॅडम, बोलण्याच्या भरात होतं ते. एका गुणानं हरलात म्हणे. हे काय हरणं झालं?”

“हरलं म्हंजे हरलं. न्हाईतर पोरींना मी काय तोंडानं सांगू, फाऊल म्हंजे फाऊल म्हणून?”

फडतऱ्यांनी वह्या पुन्हा पुढं ओढल्या. तास तुमच्याकडेच ठेवा, असं मात्र ते म्हणाले नाहीत. संस्थेची बैठक तोंडावर होती.

मॅडम शिक्षकांच्या खोलीत आल्या. आपल्या खुर्चीवरच्या पिशव्या आणि हेल्मेट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि त्या बसल्या. भूगोलाचे सर इतके दचकले की त्यांनी विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” मॅडमनी मान हलवली. तब्येत बरी नव्हती. तीस वर्षांत नव्हती इतकी वाईट होती, पण ती सांगून काय उपयोग? खिडकीतून रिकामं मैदान दिसत होतं आणि वरच्या मजल्यावरून दहावी ‘अ’ एका सुरात कसलंतरी सूत्र म्हणत होती.

शाळा सुटल्यावर वल्लरी दारात आली.

“मॅडम, उद्या सकाळी सहाला या.”

“कुठं?”

“मैदानावर. तास गेला तर गेला. शाळा भरेपर्यंत मैदान रिकामंच असतं की. मी सगळ्यांना सांगितलंय.”

“आन् गणित?”

“ते हुतंय की मॅडम,” ती म्हणाली. त्यात नवल काय, असं तिच्या तोंडावर होतं.

सकाळी थंडी होती. मॅडम साडेपाचलाच येऊन फक्कीच्या रेघा ओढून बसल्या होत्या, म्हणजे ओढून फेऱ्या मारत होत्या. पोरी एकेक करून आल्या. पण खेड्यातून येणाऱ्यांची पहिली एसटी सहाच्या नंतरची, त्यामुळे ओळ पुरी होईना. सगळ्यात शेवटी अश्लेषा स्कूटीवरून वल्लरीला घेऊन आली. वल्लरी उतरून धावत गेली. अश्लेषा मात्र गेली नाही. स्कूटी स्टँडवर लावून तिथंच उभी राहिली, हात शालीत गुंडाळून, मैदानाकडे बघत.

“एक कमी पडतीया मॅडम,” हर्षदा ओरडली. “खांबाजवळची जागा मोकळी हाय.”

मॅडमनी अश्लेषाकडे बघितलं. अश्लेषानं मान खाली घातली. मग मॅडमनी गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्याकडे फेकली. इतक्या वर्षांनीही तिनं ती एका हातात झेलली.

“वाजीव.”

“आन् तुमी?”

मॅडम खांबाजवळच्या चौकोनात गेल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दात आवळून, हळूहळू खाली टेकल्या. डॉक्टर बघत असते तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. पोरी खो-खो हसायला लागल्या. “मॅडम, खो मिळाल्याबिगर उठायचं न्हाई बरं का!”

“गप बसा गं.”

शिट्टी वाजली. पहिली जरा फुसकी, दुसरी खणखणीत. मागं पावलं पळायला लागली, जवळ आली, दूर गेली, पुन्हा जवळ आली. मॅडमना वळून बघावंसं फार वाटत होतं. एक हात मातीवर टेकून, पाठ ताठ ठेवून, त्या बसून राहिल्या.